सिद्रामप्पांची दोन मतं

आमचे शेजारी सिद्रामप्पा यांच्या डोक्यावर औषधालाही केस नाही, पण कोंड्यावर कोणता शाम्पू चांगला याबद्दल त्यांचं पक्कं मत आहे. ते त्यांनी मोबाईलवरून एका कंपनीला कळवलं आणि कंपनीने त्यांना त्याचे पॉइंट दिले.

"अप्पा, तुम्हाला कोंडा कुठला?" मी विचारलं.

"केस होते तवा होता की! इच्यारलंय तर सांगावं माणसानं."

हे त्यांचं पालुपद. कर्नाटकाच्या सीमेवरच्या आमच्या आळंदच्या बाजारात ते तुरीचे दलाल होते. मूठभर तूर हातात घेऊन भाव बोलायचे, तेव्हा चार माणसं थांबून ऐकायची. दलाली सोडली आणि ऐकणारे संपले. मग हैदराबादच्या मुलाने स्मार्टफोन पाठवला आणि अप्पांना त्यात ही ऑनलाइन सर्वेक्षणं सापडली. चहा, टायर, विमा, तान्ह्या मुलांचे लंगोट, कशावरही ते मत देतात. कधी अर्ध्या वाटेत 'आपण या सर्वेक्षणासाठी पात्र नाही' असं येतं. त्या दिवशी अप्पा जेवत नाहीत.

"वय इच्यारलं आन् घालवून दिलं बघा. सोयरीक मोडावी तसं!"

पॉइंट साठले की व्हाउचर मिळतं. अप्पांची माझ्यामागची भुणभुण तिथूनच सुरू झाली.

मी एका अडत दुकानात हिशेब लिहितो आणि जुलैत ओळखीच्या लोकांची आयकर विवरणपत्रं भरून देतो. येणारा प्रत्येक जण उत्पन्न जरा कमी दिसेल असं बघा म्हणतो. अप्पा एकटेच उलटे.

"विलासराव, ह्ये व्हाउचर उत्पन्न हाय का न्हाई?"

"आहे. पण तुमची रक्कम करमर्यादेच्या फार खाली. कर लागत नाही, विवरणपत्राची सक्ती नाही. सोडून द्या."

"सोडून कामून द्या? तुम्ही कर सांगायलाव, मी उत्पन्न इच्यारायलोय! पोरगं म्हणतंय, गिफ्ट हाय."

"व्हाउचरवर गिफ्ट लिहिलं असलं तरी ते उत्तरांच्या बदल्यात मिळालंय. म्हणजे गिफ्ट नव्हे. इतर स्रोतांपासूनचं उत्पन्न."

तुरीचा भाव चढल्यासारखा अप्पांचा चेहरा खुलला. "मग लिवा! सरकारच्या कागदावर लिवा!"

कर शून्य आणि आग्रह एवढा! पण लिहायचं तर नीट लिहावं, म्हणून मी त्यांचा फोन मागून घेतला. त्यात दोन खाती निघाली, एक मराठीतलं आणि एक कन्नडमधलं. चहाचं एकच सर्वेक्षण दोन्हीकडे भरलेलं. मराठीत अप्पांना चहात दोन चमचे साखर लागते, कन्नडमध्ये बिनसाखरेचा चालतो. मराठीत टीव्हीवर बातम्या, कन्नडमध्ये मालिका. मराठीत कडुलिंबाचा साबण, कन्नडमध्ये चंदनाचा.

आमच्या भागात माणूस घरात एक, बाजारात दुसरी आणि बसस्टँडवर तिसरी भाषा बोलतो हे खरं. पण चहा तिन्ही भाषांत तोच पितो.

"अप्पा, ही लबाडी झाली. एक माणूस, दोन खाती. असलं मी लिहिणार नाही."

अप्पांनी माझ्या हातातून फोन परत घेतला आणि उठले. "घरी चला."

घरात खाटेवर महादेवी अक्का होत्या, अप्पांच्या पत्नी. माहेर करजगीकडचं, बोलणं कन्नड. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूने उजवं अंग आणि वाचा गेली. त्याआधी त्यांची मतं सगळ्या गल्लीला ऐकू जायची, अप्पांची मतं त्याखाली दबायची. आता दुपारी भिंतीपलीकडून फक्त अप्पांचं "वंदु, यरडु, मूरु" ऐकू येई. म्हातारा एकटाच कन्नडमध्ये एक, दोन, तीन मोजत बसतो, असं मी समजत होतो.

अप्पा खाटेच्या कडेवर बसले, फोन डोळ्यांजवळ धरला आणि कन्नडमध्ये मोठ्याने वाचू लागले. कपडे धुण्याच्या पावडरीला वास कोणता हवा? वंदु, लिंबू. यरडु, चमेली. मूरु, गुलाब.

अक्कांनी डोळे मिटून विचार केला. मग डाव्या हाताची तीन बोटं वर केली.

अप्पांनी गुलाब दाबला. "म्या चमेली म्हणलो असतो," ते पुटपुटले, "पर ऐकंल का?"

मी उभाच होतो.

"घरी येत्यात ते समदे मला इच्यारत्यात," फोनवरची नजर न काढता अप्पा म्हणाले. "जेवली का, झोपली का. हिच्याकडं बघत्यात आन् मला इच्यारत्यात. हिला कोण इच्यारतंय? ह्यो फोन तेवढा. पोरगं म्हणतंय, टाइमपास हाय. तुम्ही उत्पन्न म्हणून लिवलाव तर पोराला दाखवतो. तुझी आई कमावायली म्हणतो."

"कन्नड खातं कुणाच्या नावावर आहे?"

"हिच्याच. म्या निस्तं बोट लावतो."

"अक्कांचं पॅन कार्ड?"

ते उशीखालीच तयार होतं. बँकेच्या खात्यासाठी कधी तरी काढलेलं.

मी वही उघडली. "मग अप्पा, विवरणपत्र अक्कांच्या नावाने भर..." म्हणता म्हणता थांबलो. मीही अक्कांकडे बघत अप्पांनाच विचारत होतो. स्टूल ओढून खाटेजवळ बसलो आणि कन्नडमध्ये विचारलं, "अक्का, तुमच्या कमाईचं विवरणपत्र तुमच्या नावाने भरू का? वंदु, भरा. यरडु, नको."

अक्कांनी डोळे मिटले. त्यांचा विचार चालला होता. अप्पांना काही धीर धरवेना.

"अगं, वंदु म्हण की..."

अक्कांचं एक बोट वर आलं. मला नीट दिसेपर्यंत ते तसंच राहिलं. मग सावकाश वळलं आणि अप्पांवर रोखलं गेलं, की मला विचारलंय, तुम्ही गप्प बसा.

अप्पा गप्प बसले. इतके खूश मी त्यांना कधी पाहिले नव्हते.