मुळे मॅडमची बिनजाळीची चाळणी

संक्रांतीला मुळे मॅडमकडे हळदीकुंकवाला जायचं असलं की आमच्या देवासच्या कॉलनीतल्या बायका आधी एकमेकींना फोन करून उत्तर विचारून घेतात. कारण हळदीकुंकू, तिळगूळ सगळं रीतसर झालं की मॅडम जाळी निघालेली पिठाची चाळणी समोर धरतात. "ही जनित्राची कॉइल. चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये फिरतेय. बोला, व्होल्टेज सर्वांत जास्त केव्हा?" मग वाण म्हणून बिजलीचा टेस्टर मिळतो. उत्तर चुकलं तरी मिळतो, पण आधी बसून सगळं समजून घ्यावं लागतं, आणि तोवर पोहे निवतात.

मॅडमनी लग्न केलं नाही. हळदीकुंकू करायला लग्न कशाला लागतं, असा त्यांचा सवाल असतो आणि त्यावर वाद घालण्याची कुणाची छाती नाही. आयुष्यभर देवासहून बसने सोनकच्छला जाऊन त्यांनी बारावीला फिजिक्स शिकवलं. निवृत्त झाल्या त्या फक्त शाळेतून.

एकदा त्यांच्याकडे फ्यूज जोडायला इलेक्ट्रिशियन आला. "भिया, फ्यूज बाद में. पहले ये बता, घर की बिजली की दिशा बार-बार पलटती क्यों है?" आमच्या माळव्यात भैयाला भिया म्हणतात; तर हा भिया तासभर अडकला. हल्ली तो आमच्या गल्लीतून मोटरसायकल बंद करून, ढकलत नेतो. मी कॉमर्सवाला, तरी सुटलो नाही. भाजीच्या गाडीपाशी त्यांनी मला हातात दुधी देऊन उत्तर ध्रुव केलं, भाजीवाल्याला दक्षिण ध्रुव केलं आणि आमच्या मध्ये उभ्या राहून चाळणी फिरवत राहिल्या. गिऱ्हाईकं खोळंबली होती, पण दक्षिण ध्रुवाची हलायची टाप नव्हती.

त्यांची खरी ओळख मला झाली ती माझ्या बायकोमुळे. सुनीता सोनकच्छची, मॅडमचीच विद्यार्थिनी. बारावीला ती फिजिक्समध्ये राहिली, त्याच वर्षी आमचं लग्न झालं आणि शिक्षण तिथेच थांबलं. आता ती एका शाळेच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुते. बारावी पास झालात तर प्रयोगशाळा सहायक करू, असं शाळेने सांगितलं, म्हणून चाळिशी उलटल्यावर तिने पुन्हा फॉर्म भरला. भरला खरा, पण फिजिक्सचं पुस्तक उघडलं की लगेच मिटून टाकायची.

मॅडमना हे कळलं आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी त्या चाळणीसकट हजर झाल्या.

"सूत्र नंतर. आधी बघ. तुझी नजर म्हणजे चुंबकाच्या बलरेषा समज. ही तुझ्यासमोर पूर्ण उघडी आहे. व्होल्टेज किती?"

"सबसे ज़्यादा," सुनीता घाबरून म्हणाली.

"सगळे हेच सांगतात. हिच्यातून माझं तोंड पूर्ण दिसतंय ना? आता किंचित वळवते. फरक पडला?"

"नाही. जवळजवळ तेवढंच दिसतंय."

"म्हणजे बदल नाही. बदल नाही तर व्होल्टेज नाही. शून्य! आता हिची कड तुझ्याकडे करते. काय दिसतं?"

"काहीच नाही."

"आता पुन्हा तेवढीच वळवते."

"अय्या! एकदम उघडली की!"

"झालं तर! आरपार किती जातंय ते विचारू नकोस. ते किती झपाट्याने बदलतंय ते विचार. व्होल्टेज तिथे."

मी आत चहा करत होतो. शाळेत असताना जे कुणी मला सांगितलं नव्हतं ते स्वयंपाकघराच्या दारातून कळलं, आणि त्या आनंदात दूध उतू गेलं.

तीन महिने हे चाललं. सुनीता एकच शंका सात-सात वेळा विचारायची. इतरांवर डाफरणाऱ्या मॅडम तिला आठव्यांदा सांगायलाही तयार असायच्या.

निकाल लागला. सुनीता पास झाली, फिजिक्समध्येही. आम्ही मिठाई म्हणून मावाबाटी घेऊन मॅडमकडे गेलो. त्यांनी मोबाइलवरचे मार्क चष्मा पुसून दोनदा वाचले. मावाबाटी हातात तशीच राहिली.

"सुनीता, सोनकच्छला याच धड्याला तू हात वर केला होतास. 'मॅडम, कॉइल पूरी सामने है तो वोल्टेज ज़ीरो क्यों?' कोर्स मागे पडलेला, मला बस गाठायची होती. मी म्हटलं, 'बैठ जाओ, फ़ॉर्मूला याद कर लो.' त्यानंतर वर्षभर तू एक शंका विचारली नाहीस. आणि नापास झालीस."

सुनीता गोंधळली. "मॅडम, मला तर हे आठवतसुद्धा नाही."

"मला आठवतं," मॅडम म्हणाल्या.

मला कुठे बघावं कळेना. इतकी वर्षं ही बाई भेटेल त्याला थांबवून समजावत होती आणि आम्ही तिच्या माघारी हसत होतो. मला माझीच फार लाज वाटली.

सुनीता त्यांच्या पाया पडायला वाकली. मॅडमनी तिला खांद्यांना धरून उठवलं आणि शेजारी बसवलं.

"नमस्कार नको, बाळ. शंका विचार."

सुनीताने डोळे पुसले, क्षणभर विचार केला आणि हात वर केला.