चापटीअभावी राहून गेलेले कोन सर

मुलांच्या कॅथलिक शाळेला शंभर वर्षं पूर्ण होत असल्याने तिला इतिहास असणं आवश्यक आहे, असा ठराव शताब्दी समितीने एकमताने मंजूर केला. लेखनाचं काम शाळेच्या ग्रंथपालाकडे आलं. पुस्तकं त्याच्या ताब्यात होती आणि ती कोणी नेत नसल्याने त्याला वेळही होता.

ग्रंथपालाने माजी विद्यार्थ्यांकडून आठवणी मागवल्या. सहाशे अकरा आल्या. त्यांतल्या पाचशे अठ्ठ्याण्णव मार खाल्ल्याच्या होत्या. कोणी छडी लिहिली, कोणी डस्टर. एकाचा कान फादरांनी प्रार्थना सुरू होताना धरला होता तो 'आमेन' होईपर्यंत सोडला नव्हता, आणि नेमकी त्या दिवशी प्रार्थना लांबली होती. एका नामांकित सर्जनने आपल्या वाकड्या करंगळीचा एक्स-रे कृतज्ञतापूर्वक जोडला होता. "मार खाल्ला म्हणून माणूस झालो," असं सगळ्यांनीच लिहिलं होतं. हे तपासण्याचे अधिकार समितीला नव्हते. उरलेल्या तेरा आठवणी दुसऱ्याला मार बसताना पाहिल्याच्या होत्या.

ज्याचा जेवढा मार, त्याला तेवढी पानं, असं सूत्र ठरलं. मुलांनी ज्यांचं नावच 'छडी फादर' ठेवलं होतं, त्या जुन्या फादरांना तीन प्रकरणं मिळाली.

अडचण आली ती भूमितीच्या सरांची. मुलं त्यांना कोन सर म्हणत. हजेरीपटावर त्यांच्या चौतीस वर्षांच्या सह्या होत्या, पण आठवण एकही नव्हती. ग्रंथपाल त्यांच्या घरी गेला. चौऱ्याऐंशी वर्षांच्या सरांनी स्वतः दार उघडलं.

"सर, तुमच्याविषयी कोणी काहीच लिहिलं नाही."

"कसं लिहितील? मी कोणाला मारलं नाही."

"एकदाही नाही? आठवून बघा. चुकून? पट्टी निसटून?"

"एकदा एका मुलाला कर्कटक टोचलं होतं." ग्रंथपालाने घाईने पेन काढलं. "पण ते त्याचं त्यालाच. मी फक्त पट्टी बांधली."

पेन खिशात परत गेलं.

"एखादी ओळ तरी येईल का हो?" सरांनी चाचरत विचारलं. "नातवंडांना दाखवली असती."

ग्रंथपाल मुख्याध्यापक फादरांकडे गेला. "फादर, एक चापट लिहून टाकू का? कोणाला कळणार आहे?"

"खोटं लिहिणं पाप आहे," फादर गंभीरपणे म्हणाले.

"मग?"

"मग ती मारायला हवी."

शताब्दी वर्ष संपायला दोन महिने असल्याने या मुदतीत मारलेली चापट इतिहासात धरता येईल, असा निर्वाळा समितीने दिला. शिकत असलेल्या मुलांना मारायला कायद्याने बंदी होती, म्हणून माजी विद्यार्थ्यांकडून अर्ज मागवण्यात आले. त्रेचाळीस आले. निवड एका न्यायाधीशांची झाली. शिक्षा या विषयातला त्यांचा अनुभव दांडगा होता. आपली तक्रार राहणार नाही, असं त्यांनी तीन प्रतींत लिहून दिलं. फोटोग्राफरच्या सोयीसाठी डावा गाल मुक्रर झाला. शाळेची परंपरा लक्षात घेऊन दुसरा गाल राखीव ठेवण्यात आला.

समारंभाला सर मुलीच्या आधाराने आले. ती ग्रंथपालाला हळूच म्हणाली, "बाबा आठवडाभर उशीवर सराव करतायत. मारतात, आणि मग तिलाच थोपटत बसतात."

व्यासपीठावर न्यायाधीशांनी गाल पुढे केला. सरांनी हात उचलला आणि त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

"तिसरा बाक ना तुझा? थोरला भाऊ गेला, त्या वर्षी तुला प्रमेयं जमेनात. मधल्या सुट्टीत आपण दोघं बसायचो."

"मला नाही आठवत, सर," न्यायाधीश प्रामाणिकपणे म्हणाले. "पण तुम्ही मारा."

"काय चुकलंय तुझं?"

"काहीच नाही."

"मग कसं मारू रे?"

"सर, एका ओळीचा प्रश्न आहे!" पडद्याआडून फादर कळवळले. "मन घट्ट करा!"

सरांचा हात हवेतच राहिला. ती ओळ त्यांना किती हवी होती, हे मागच्या रांगेतूनही दिसत होतं. शेवटी त्यांनी हात खाली घेतला, न्यायाधीशांना "माफ कर बाळा" म्हणाले आणि मुलीला धरून पायऱ्या उतरले. न्यायाधीश बराच वेळ तसेच उभे होते. गाल मागे घेण्याबद्दल कार्यक्रमपत्रिकेत काही नव्हतं.

इतिहास दोनशे बारा पानांचा झाला. एकशे चाळिसाव्या पानावर, छडी फादरांच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकरणांच्या मध्ये, ग्रंथपालाने समितीच्या नकळत एक वाक्य घुसवलं : 'या काळात शाळेत भूमितीही शिकवली गेली.' छापील प्रत घेऊन तो सरांकडे गेला. सरांनी ते दोनदा वाचलं आणि वाक्यरचना शुद्ध असल्याचं सांगितलं.

आपण हसलात, हे बरं झालं. वाचता वाचता आपल्याला आपल्याही शाळेतला एखादा मारकुटा मास्तर नावानिशी, आडनावानिशी, त्याच्या छडीच्या लांबीनिशी आठवला असेलच. आता ज्याने कधी हात उगारला नाही, त्याचं नाव सांगा. सावकाश सांगा. आम्ही थांबतो.