कामकाजाचा चौदावा दिवस

तिसरं मूल नको, हा ठराव हेडक्लार्कच्या घरी एकमताने मंजूर झाला. दोन मुली होत्याच. शिवाय बायकोला अकरा वर्षांनी प्रयोगशाळाप्रमुखाच्या प्रशिक्षणाचं पत्र आलं होतं, आणि त्यात स्पष्ट लिहिलं होतं की रसायनांशी काम असल्यामुळे गरोदर महिलेस प्रवेश नाही. प्रश्न फक्त अंमलबजावणीचा होता.

अंमलबजावणीत हेडक्लार्कचा हात धरणारा कोणी नव्हता. पाळीच्या पहिल्या दिवसापासून चौदाव्या दिवशी स्त्रीबीज बाहेर पडतं, असं त्याने कॅलेंडरच्या मागच्या पानावर वाचलं. छापील मजकुरावर शंका घेणं त्याच्या रक्तात नव्हतं. त्याने तक्ता आखला, धोक्याचे तीन दिवस लाल केले, उरलेले हिरवे, आणि तो कपाटाच्या दारावर चिकटवला.

बायकोने निरखून पाहिलं. "अहो, पाळी एक तारखेला आली. मग लाल रंग एकोणीसच्या आसपास कसा?"

"चौदा दिवस म्हणजे कामकाजाचे. शनिवार-रविवार धरत नाहीत. मध्ये एक सार्वजनिक सुट्टीही आहे."

त्याच्या कचेरीत चौदा दिवसांची मुदत चौदा दिवसांत संपलेली वीस वर्षांत कोणी पाहिली नव्हती. शरीर एवढा आगाऊपणा करेल, असं त्याला वाटणं शक्यच नव्हतं.

"आणि माझी पाळी कधी सव्वीस दिवसांनी येते, कधी तेहतीस."

"तेहतीस? म्हणजे पाच दिवसांचा विलंब. कारण काय दाखवायचं?"

बायकोने कपाळाला हात लावला आणि त्याला डॉक्टरबाईंकडे नेलं.

डॉक्टरबाईंनी तक्त्याची हकीकत शांतपणे ऐकली. "स्त्रीबीज जेमतेम एक दिवस टिकतं. पण शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत तग धरतात, म्हणून बीज बाहेर पडण्याआधीचे पाच दिवसही धोक्याचे. त्यात तो दिवस दर महिन्याला मागेपुढे होतो. यांची पाळी अशी अनियमित असताना नुसतं मोजून कुठलाच दिवस बिनधोक म्हणता येणार नाही."

"पाच दिवस थांबतात?" हेडक्लार्क चमकला. "कोणाच्या परवानगीने?"

"तुमच्याच," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पुढची पाळी आली की तांबी बसवू. तोवर कंडोम वापरा. त्याला सुट्ट्या मोजाव्या लागत नाहीत."

हा प्रस्ताव हेडक्लार्कने विचाराधीन ठेवला. औषधाच्या दुकानात शेजारी भेटतात, मुलींचे शिक्षक भेटतात. चार माणसांत ते नाव उच्चारायचं म्हणजे इभ्रतीचा प्रश्न. बायकोच्या तारखा कपाटावर लावताना मात्र कोणाच्या इभ्रतीला काही झालं नव्हतं.

बारा तारखेला बायकोने विचारलं, "आणलंत का?"

"आज हिरवा आहे," तो म्हणाला, आणि शिक्का मारावा तसं म्हणाला. बायको दमलेली होती, आणि नवऱ्यावर तिचा थोडा विश्वास अजून शिल्लक होता. त्या विश्वासाचा तिला आजही राग येतो.

पुढची पाळी आलीच नाही. तेहतिसाव्या दिवसापर्यंतचा विलंब हेडक्लार्कने माफ केला, चौतिसाव्या दिवशी तोंडी समज दिली. छत्तिसाव्या दिवशी चाचणीवर दोन रेषा उमटल्या. मग त्याने रीतसर चौकशी केली आणि अहवाल दिला: तक्ता निर्दोष आहे, स्त्रीबीज सुट्टीच्या दिवशी, पूर्वसूचना न देता, परस्पर बाहेर पडलं, सबब संपूर्ण जबाबदारी त्याची.

"अकरा वर्षं वाट पाहिली मी," बायको म्हणाली. "पुढचं काय ते मी आणि डॉक्टरबाई ठरवू. तुम्ही आता एकही दिवस मोजायचा नाही."

कचेरीत बातमी फुटली तेव्हा सगळे पोट धरधरून हसले. मग जेवणाच्या सुट्टीत एकेक जण हळूच हेडक्लार्कच्या टेबलाशी आला आणि कानात विचारू लागला, "एकोणीस नाही, तर मग नक्की कितवा?"

तुम्हीही हसलात. आणि डॉक्टरबाई बोलत होत्या तेव्हा, मनातल्या मनात, कुणाचे तरी दिवस मोजलेत. जिचे मोजलेत, तिला तुम्ही अजून काही विचारलेलं नाही.