दोनशे चौदा काश्यप

विश्वेश्वररावांच्या वहीत एकोणतीस गोत्रं होती आणि उपेंद्र पिंपळापुरेला त्यातलं नेमकं एकच नको होतं. ते एकशे सहाव्या नोंदीत, हर्षिताच्या नावापुढे, निळ्या शाईत, ठसठशीत अक्षरात लिहिलेलं होतं : काश्यप. उपेंद्रचंही काश्यपच.

त्याने वही मिटली, पुन्हा उघडली. काश्यपच होतं.

ही वही बघायला मिळावी म्हणून त्याने केवढा खटाटोप केला होता! नागपूरहून नोकरीसाठी बंगळूरला येऊन त्याला दीड वर्ष झालं होतं, आणि दीड वर्षं तो इंदिरानगरात विश्वेश्वररावांच्या माडीवर भाडेकरू होता. विश्वेश्वररावांना घरातले, दारातले, सगळे अण्णा म्हणत. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आलं आणि इकडचंच झालं. पोस्टातून निवृत्त झाल्यावर अण्णांनी मराठी मंडळाचा वधूवर विभाग अंगावर घेतला होता. हर्षिता त्यांची मुलगी. ती एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची आणि जिना उतरताना उपेंद्र भेटला की "काय, आज लवकर?" असं विचारायची. या एका प्रश्नावर उपेंद्र दीड वर्ष जगला होता.

म्हणून वधूवर मेळावा जाहीर झाल्याबरोबर तो म्हणाला होता, "अण्णा, तुमची यादी मी कॉम्प्युटरवर टाकून देतो ना. फुकट."

"टाक की," अण्णा म्हणाले. "पण वही स्वल्प जपून. पाणी लागलं तर शाई पसरते, आणि एकाचं गोत्र दुसऱ्याला लागतं."

वहीत दोनशे तेरा नावं होती. उपेंद्रने यादी करायला घेतली तेव्हा सगळ्यात वर, पहिल्या ओळीत, स्वतःचं नाव घातलं. वय सत्तावीस, शिक्षण बी.ई., उंची पाच फूट आठ इंच, आणि कंसात 'नमुना'. अण्णांनी विचारलंच तर नमुना आहे म्हणायचं. नाही विचारलं तर वाचतील तरी. असा दुहेरी डाव टाकून तो हर्षिताच्या नोंदीपर्यंत पोचला होता आणि तिथे त्याला काश्यप भेटला.

अण्णा मनाने मोकळे होते. मुलगा नागपूरचा आहे, खातो काय, बोलतो कसा, यातलं काही त्यांना अडलं नसतं. पण सगोत्र म्हणजे भाऊ-बहीण, हे त्यांचं पोस्टाच्या शिक्क्यासारखं पक्कं होतं. मागच्याच वर्षी दोन इंजिनीअर त्यांनी तेवढ्यावरून परत पाठवले होते.

तरी कबूल केलेलं काम पुरं करायलाच हवं होतं. शनिवारी दुपारी उपेंद्र रिकाम्या ऑफिसात जाऊन बसला. बंगळुरातल्या निम्म्या मराठी घरांना मराठी वाचता येत नसल्यामुळे यादी इंग्रजी अक्षरांत होती. एका पानावर नावं, दुसऱ्या पानावर त्याच क्रमाने गोत्रं. आता गोत्र उचलून नावापुढे चिकटवायचं, एवढंच काम.

त्या वर्षी, म्हणजे शहाण्णव साली, ऑफिसातल्या मशीनवर नवीन स्प्रेडशीट आली होती आणि तिच्यात मॅक्रो नावाची एक नवलाई होती. आपण एखादं काम एकदा करून दाखवायचं, मशीन ते टिपून ठेवतं, आणि मग बटण दाबलं की तेच काम तसंच्या तसं करतं. उपेंद्र बरेच दिवस या मॅक्रोसाठी एखादं काम शोधत होता. त्याने रेकॉर्डिंग चालू केलं, पहिलं गोत्र उचललं, पहिल्या नावापुढे चिकटवलं, आणि मशीनला सांगितलं, आता हे दोनशे चौदा वेळा कर.

मशीनने केलं. दोनशे चौदा वेळा, एकाच चौकोनात, एकावर एक, जराही न कुरकुरता.

"अरे बाप्पा!" उपेंद्र खुर्ची पुढे ओढत म्हणाला. त्याला राग आला नाही, कुतूहल वाटलं. तासभर खटपट केल्यावर त्याला कळलं की मशीन जागा पाठ करून ठेवतं. 'इथून एक घर खाली' अशा भाषेत सांगितलं तरच ते पुढे सरकतं. त्याने चिकटवण्याची आज्ञा त्या भाषेत लिहिली आणि पुन्हा बटण दाबलं. या वेळी रकाना वरून खाली सरसर भरत गेला. उचलण्याची आज्ञाही त्याच भाषेत लिहायला हवी होती, हे मशीनला विचारायचं सुचलं नाही आणि उपेंद्रला सांगायचं.

काम तपासल्याशिवाय उठायचं नाही, अशी त्याला सवय होती. त्याने हर्षिताची ओळ काढली. काश्यप. वहीत काश्यप, इथेही काश्यप. त्याने एक सुस्कारा सोडला. एवढं दुःखद गोत्र बरोबर आलं म्हणजे बाकीची आलीच असणार, असा हिशेब करून त्याने प्रिंट काढली, अण्णांच्या हातात दिली आणि तीन दिवस जेवणावरची वासना उडाल्यासारखा वागला.

बुधवारी यादीच्या प्रती पोस्टाने घरोघर गेल्या. गुरुवारी सकाळी सात वाजता अण्णांचा फोन वाजायला लागला. साडेसातला खालून हाक आली.

"उपेंद्रा, स्वल्प खाली ये की."

खाली अण्णा वही आणि यादी शेजारी शेजारी मांडून बसले होते. चष्मा कपाळावर होता.

"माझ्या वहीत एकोणतीस गोत्रं होती," अण्णा शांतपणे म्हणाले. "तुझ्या मशीनीत एकोणतीस गेली. बाहेर आलं एक. बाकीची अठ्ठावीस कुठं राहिली, तेवढं मला सांग."

उपेंद्रने यादी हातात घेतली. काश्यप, काश्यप, काश्यप. त्याने पान उलटलं. तिथेही तेच. बंगळुरातल्या एकूण एक उपवर मुली एका रात्रीत त्याच्या बहिणी झाल्या होत्या.

तेवढ्यात फाटक वाजलं आणि शेषगिरीराव आत आले. त्यांच्या कार्तिकचं लग्न याच मंडळातल्या मुलीशी ठरलं होतं आणि ते पंधरा दिवसांवर आलं होतं.

"विश्वेश्वरराव, हे काय? माझा मुलगा आणि माझी सून भाऊ-बहीण?"

"शेषगिरी, बस. तुमचं गोत्र वसिष्ठ. मला पाठ आहे."

"कालपर्यंत होतं." शेषगिरीराव बसले नाहीत. "पण कॉम्प्युटरनं काही खणून काढलं असेल तर?"

"काका, कॉम्प्युटर काही खणत नसते," उपेंद्र म्हणाला. "माझीच चूक आहे. मी आज नवीन यादी काढून देतो."

"म्हणजे पहिली यादी खोटी?"

"हो."

"तीही कॉम्प्युटरनंच काढली?"

"हो."

"मग दुसरी खरी कशावरून?"

अण्णांनी उत्तराच्या आशेने उपेंद्रकडे पाहिलं आणि मग चष्मा डोळ्यांवर घेतला.

ऑफिसात त्याने शेजारच्या टेबलावरच्या कस्तुरीला मॅक्रो दाखवला. कस्तुरी पुण्याची होती आणि दुसऱ्याच्या चुका वाचताना तिला फार बरं वाटायचं.

"अरे, तू चिकटवतोयस खाली खाली, पण उचलतोयस दर वेळी पहिल्याच घरातून. पहिल्या घरात कोण आहे?"

"मी," उपेंद्र म्हणाला.

"म्हणजे अख्ख्या बंगळूरला तू स्वतःचं गोत्र लावलंस?" कस्तुरीने पेन खाली ठेवलं. "आणि मला एक सांग, दोन्ही याद्या एकाच क्रमाने होत्या ना?"

"होत्या."

"मग सगळा रकाना एकदम उचलून एकदम चिकटवायचा. चार सेकंदांचं काम. मॅक्रो कशाला?"

"बघावं म्हटलं कसा असतो," उपेंद्र खिडकीबाहेर बघत म्हणाला.

त्याने तो रकाना चार सेकंदांत दुरुस्त केला, पण मंडळ चार सेकंदांत दुरुस्त होण्यासारखं नव्हतं. शनिवारपर्यंत प्रकरण वाढलं. दोन घरांनी बोलणी थांबवली. एका घराने कुलदैवताला पत्र टाकलं, म्हणजे तिथल्या पुजाऱ्याला. ज्यांचं आधीच जुळलं होतं ते घाबरले, आणि ज्यांना जुळवायचंच नव्हतं त्यांनी यादी देवघरात जपून ठेवली. मंडळाच्या गुरुजींना विचारलं, तर त्यांनी भलताच प्रकाश पाडला. "गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणायचं असं शास्त्रच आहे," ते म्हणाले. "तुमचं मशीन अडाणी असेल, पण नास्तिक नाही."

शेवटी अण्णांनी निर्णय दिला : मेळाव्याच्या दिवशी प्रत्येकाने आपलं गोत्र स्वतःच्या तोंडाने सांगायचं आणि उपेंद्रने ते सर्वांसमक्ष लिहून घ्यायचं.

रविवारी हॉलच्या दारात टेबल मांडलं गेलं. उपेंद्रने जपून रेघा मारल्या : नाव, गोत्र, आणि पुन्हा भानगड नको म्हणून एक नवा रकाना, 'खात्री'. त्यात आहे किंवा नाही लिहायचं.

त्या रकान्याने घात केला. पहिले गृहस्थ टेबलाशी आले आणि छाती काढून म्हणाले, "वत्स."

"खात्री आहे ना?"

गृहस्थांची छाती परत आत गेली. "म्हणजे... वडील म्हणायचे. तुमच्या वहीत काय आहे?"

"वत्स."

"मग आहे की खात्री."

"पण वहीत तुम्हीच सांगितलेलं लिहिलंय ना, काका?"

गृहस्थ स्वल्प बाजूला उभे राहून विचार करू लागले. रांग पुढे सरकली. दुसऱ्यांनी बायकोकडे बघितलं, बायकोने सासूकडे बघितलं, सासूबाई कन्नडमध्ये म्हणाल्या की हे पुरुषांचं काम. तिसऱ्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की त्यांच्या घरात दोन गोत्रं आहेत, एक लग्नाला आणि एक श्राद्धाला. बाजूला विचार करणाऱ्यांची गर्दी वाढत वाढत रांगेपेक्षा मोठी झाली. माणसं मजेत होती. कोण कुठून आलं, कुणाबरोबर आलं, येताना वाटेत काय काय विसरलं, याची चर्चा इतकी रंगली की उपवर मुलं-मुली कोपऱ्यात नुसत्या बसून राहिल्या आणि नाइलाजाने एकमेकांशी बोलू लागल्या.

शेषगिरीराव मात्र "वसिष्ठ, खात्री आहे!" असं ओरडले, आणि सूनबाईंकडच्यांकडून "भारद्वाज, खात्री आहे!" वदवून घेऊनच खुर्चीवर टेकले.

दुपारी बाराला अण्णा स्वतः टेबलाशी आले. बरोबर त्यांच्या थोरल्या बहीण, अहल्याअक्का. उपेंद्रने न विचारताच लिहिलं : हर्षिता, काश्यप. मग पेन खात्रीच्या रकान्याजवळ नेऊन त्याने 'आ' काढायला घेतला.

"थांब रे," अक्का म्हणाल्या. "काय लिहितोस?"

"काश्यप, खात्री आहे."

"ती कुणी दिली तुला?"

"अक्का, आपलं काश्यपच की," अण्णा म्हणाले.

"काश्यप म्हणतो आपण. मी लहानपणी आजोबांना विचारलं होतं, आपलं गोत्र कुठलं. ते म्हणाले, फौजेबरोबर निघालो तेव्हा होतं. इथं येऊन सामान सोडलं, तर सापडलं नाही. भटजींनी काश्यप लावून दिलं." अक्कांनी पदर सावरला. "तू पाळण्यात होतास, विशू. तुला कोण सांगणार?"

अण्णांनी परत पाठवलेले दोन्ही इंजिनीअर त्यांच्या चेहऱ्यावरून चालत गेले. मग त्यांनी टेबलावरची छापील यादी स्वतःकडे फिरवली आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"हा नमुना."

उपेंद्र खुर्चीतून उठून उभा राहिला.

"हे मी पहिल्या दिवशीच वाचलं होतं. नमुना आहेस खरा. पण काश्यप दिसला, म्हणून पुढं न वाचता गप्प बसलो." अण्णांनी घसा साफ केला. "तुमच्याकडं काय आहे? खात्री?"

खोटं बोलायची याहून चांगली वेळ उपेंद्रच्या आयुष्यात येणार नव्हती. पण त्याचे वडील रोज सकाळी संध्या करताना गोत्राचा उच्चार एवढ्या खणखणीत करायचे की तो शेजारच्या गल्लीत ऐकू जायचा.

"आहे, अण्णा," तो खाली बघत म्हणाला. "आमचं पक्कं आहे."

अण्णांनी विचार केला. अक्कांकडे पाहिलं. हॉलच्या दुसऱ्या टोकाला हर्षिता मजकूर नसलेल्या चेहऱ्याने पेल्यांत ताक ओतत होती, तिच्याकडेही पाहिलं.

"असू दे," ते म्हणाले. "एकाची असली म्हणजे पुरे. आमच्यापुढं 'नाही' लिही. मोठ्या अक्षरात लिही, सगळ्यांना दिसेल असं. आणि नागपूरला वडलांना पत्र टाक. पत्ता नीट लिही, पिनकोड घाल."

उपेंद्रने 'नाही' एवढं मोठं लिहिलं की ते शेजारच्या दोन रकान्यांत गेलं. मग त्याला उभं राहवेना आणि बसवेना, म्हणून तो ताक प्यायला गेला.

हर्षिताने त्याच्या हातात पेला दिला. "काय, आज लवकर?"

"माफ करा हं," तो म्हणाला. "एवढा गोंधळ घातला मी. छापायच्या आधी कुणीतरी एकदा वाचायला हवी होती ती यादी."

"वाचली होती की. अण्णांनी प्रूफ मलाच दिलं होतं."

उपेंद्रचा पेला ओठांपाशी थांबला. "सगळं?"

"दोनशे चौदा ओळी. आपल्या दोघांचंच एक गोत्र आलं असतं, तर ती आपली अडचण होती. सगळ्यांचंच एक आलं म्हटल्यावर सगळ्यांनी विचार करू दे, म्हटलं."

"पण मग... दोनशे चौदा वेळा काश्यप... चूक नाही सांगितली?"

"चूक कुठली?" हर्षिता पुढचा पेला भरत म्हणाली. "प्रत्येकाचं स्पेलिंग बघितलं मी. एकदाही चुकलं नव्हतं."