मोडक्या फांदीची शुश्रूषा

सावळीरामांनी अंगणात स्कूटर मागे घेतली आणि पाठीमागे काहीतरी काडकन मोडलं. बादली असू दे, कुंडी असू दे, असं म्हणत त्यांनी वळून पाहिलं. मोडली होती सिंधुबाईंच्या पिवळ्या गुलाबाची फांदी, आणि तीही सगळ्यात उंच, सगळ्यात जोमदार.

सिंधुबाई सकाळीच भजनी मंडळाबरोबर वणीच्या गडावर गेल्या होत्या. परवा परतणार होत्या, आणि रविवारी गुलाबाचं प्रदर्शन होतं. गेल्या वर्षी तिथलं पहिलं बक्षीस शेजारच्या जहिदाभाभींनी नेलं. तेव्हापासून इंदिरानगरातल्या या दोन घरांत शिरखुर्मा आणि पुरणपोळीची देवाणघेवाण नेहमीसारखी चालू होती, फक्त खताबद्दल कोणी कोणाला अक्षर सांगत नव्हतं. निघताना सिंधुबाई नवऱ्याला एवढंच म्हणाल्या होत्या, "दूध उतू गेलं तरी चालेल, पण माझ्या गुलाबाला हात लावू नका."

गुलाबातलं कळणाऱ्या जहिदाभाभी लग्नाला मालेगावला गेल्या होत्या. असत्या तरी त्यांना विचारायची सोय नव्हती. म्हणून सावळीरामांनी भाच्याला, गोरक्षला फोन लावला. त्याची दिंडोरीला द्राक्षबाग होती.

"गोरक्ष, गुलाबाची फांदी मोडलीय. पार तुटली नाही, लोंबतेय."

"मग घाबरता कशाला मामा? झाड ते झाड. सरळ करा, काठी लावा, पट्टी आवळा. जखमेला चुना न् निळ्या मोरचुदाची पेस्ट फासा. आमच्या बागंत हेच करतो."

सावळीरामांनी लाकडी फूटपट्टीचा आधार दिला, स्वतःच्या गुडघ्याचं क्रेप बँडेज सोडून फांदीला गुंडाळलं आणि वरून निळा लेप फासला. झाड अपघात विभागातून आल्यासारखं दिसू लागलं. एवढ्यात शेजारच्या गच्चीवर जहिदाभाभींचे यजमान, शौकतभाई, कपडे वाळत घालायला आले. सावळीरामांनी घाईघाईने झाडावर चादर टाकली.

"काय सावळीरामभाऊ, चादर कशाला?"

"थंडी फार आहे हो."

"भर दुपारी?"

"रात्रीची तयारी."

शौकतभाई 'अच्छा' म्हणाले. पण त्यानंतर त्यांचे कपडे काही लवकर वाळेनात. ते सारखे गच्चीवर येऊन चाचपून पाहत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी फांदीची पानं मलूल झाली. सावळीरामांचा जीव टांगणीला लागला. पुन्हा गोरक्ष.

"मामा, बाकीच्या काड्या रस ओढत असतील. त्या छाटून टाका. सगळा जोर त्या एकीला जाऊ द्या. लय मोह करू नका."

"कळ्या आहेत रे त्यांना."

"झाड पाहिजे का कळ्या पाहिजे?"

सावळीरामांनी डोळे मिटून छाटलं. टपोऱ्या कळ्या खाली पडल्या तेव्हा त्यांना रडूच यायचं बाकी होतं. मग प्रत्येक खुंटावर निळा लेप लावला. आणि संध्याकाळी खरोखरच त्या फांदीने मान वर केली. सावळीराम तिच्यापाशी खुर्ची टाकून बसले. आजवर कुठलंही झाड त्यांनी जगवलं नव्हतं, आणि ही फांदी त्यांच्या हातची होती.

तिसऱ्या दिवशी सिंधुबाई फाटकातून आत आल्या आणि हातातली प्रसादाची पिशवी न ठेवताच उभ्या राहिल्या.

"अहो, माझा गुलाब कुठाय?"

"हा काय. फांदी मोडली होती माझ्याकडून, कबूल. पण वाचवली. बघ, कशी तरतरीत आहे. पानंसुद्धा इतरांसारखी पाच-पाच नाहीत, सात-सात आहेत."

सिंधुबाई खाली वाकल्या. फांदी कुठून फुटलीय ते त्यांनी बोटाने चाचपलं आणि त्या पायरीवर बसल्या.

"ही कलमाच्या खालून फुटलेली रानटी फांदी. हिला जन्मात पिवळं फूल आलं नसतं. आल्यावर कापणारच होते मी हिला."

"मग मी छाटल्या त्या?"

"त्या गुलाबाच्या."

सिंधुबाईंनी कात्री घेतली, तर सावळीराम चटकन आडवे आले. "अगं, नको. दोन दिवस जागलोय तिच्यासाठी."

सिंधुबाई आता काय बोलणार, या भीतीने ते डोळे मिटणार, तोच भिंतीवरून शौकतभाईंचं डोकं वर आलं. चेहरा विजयी होता.

"भाभी, यंदा तुमची युक्ती फुटली. मी गच्चीवरून सगळं बघितलंय. चादर, बँडेज, निळा लेप, छाटणी. आपल्याकडेपण सेम टू सेम करून टाकलं. जहिदा संध्याकाळी येतेय, खूश होऊन जाईल."

सिंधुबाई भिंतीपाशी गेल्या आणि त्यांनी पलीकडे पाहिलं. गेल्या वर्षीच्या विजेत्या गुलाबाचे निळे खुंट उन्हात ओळीने चमकत होते. मधोमध बँडेज बांधलेली एक काडी उभी होती. सिंधुबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलू लागले.

"छान केलंत हो, भाऊ," त्या कशाबशा म्हणाल्या.

शौकतभाई खुलले. मग इकडेतिकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला.

"फक्त एक सांगा सावळीरामभाऊ. सगळ्यात आधी फांदी कुठली मोडायची, ते वरून नीट दिसलं नाही. मी आपली अंदाजाने मोडली."