नानांचा खालचा मजला

आमच्या शेजारच्या नानांचं घर बैठं आहे. वर पत्रे, खाली जमीन, तळघर वगैरे काही नाही. तरी त्यांच्याकडे कुणी खुर्ची जरा जोरात सरकवली की नाना ओरडतात, "हळू रे! खाले माणसं शेतस!" नवा माणूस ओशाळून खाली बघतो. खाली शहाबादी फरशी असते.

नाना इथे चोपडा गावातल्या शाळेतच भूगोल शिकवायचे. मीही त्यांचाच विद्यार्थी, त्यामुळे पळून जायची सोय नाही. ते निवृत्त झाले, त्यांचा भूगोल झाला नाही. त्यांच्या हिशेबी पृथ्वी म्हणजे एक मोठी इमारत. आपण वरच्या मजल्यावर राहतो, बरोबर पलीकडच्या बाजूचे लोक खालच्या. आपली सकाळ ती त्यांची संध्याकाळ. मी सकाळी ऑफिसला निघालो की कुंपणापलीकडून हाक येते, "चालला का संजू? खाले दिवाबत्ती व्हई गई!" मी "हो नाना" म्हणतो आणि गाडीला किक मारतो.

एकदा चिडून मी मुलाच्या पृथ्वीगोलावर चोपड्याच्या बरोबर उलटी बाजू शोधून काढली. तिथे पॅसिफिक महासागर निघाला. आता नाना कचाट्यात सापडले, म्हणून मी तो गोल घेऊनच त्यांच्या ओट्यावर गेलो.

"नाना, खाली तर सगळं पाणी आहे. माणसं कुठली आणलीत?"

"बठ्ठं पानीच शे," नाना शांतपणे म्हणाले. "पन पानीवर जहाज ऱ्हास ना भो?"

मी गोल काखोटीला मारून परत फिरलो. कारण नानांचा एकुलता एक मुलगा, योगेश, मालवाहू जहाजावर नोकरी करतो. त्यांची बायको, अक्का, गेल्यापासून नाना घरात एकटेच. जहाजावरून पोराचा कधीतरी मेसेज येतो. दुसरा बाप तब्येत विचारेल, पगार विचारेल. नाना लिहितात, "अक्षांश-रेखांश पाठव." तो गुणी पोरगा आकडे पाठवतो. मग नाना आपल्या गोलावर स्केचपेनने ठिपका काढतात आणि तो गोल आमच्या जेवणाच्या ताटाशेजारी आणून ठेवतात. आमची भाजी निवते, पण ठिपका बघून झाल्याशिवाय घास उचलायची परवानगी नाही.

कॉलनीच्या भंडाऱ्यातही तीच तऱ्हा. पंगत बसलेली, पानात वरण-बट्टी, शेजारी वांग्याची भाजी, आणि सगळ्यांचं लक्ष तूप वाढणाऱ्याकडे. नानांनी आपली बट्टी मधोमध फोडून वर धरली. एरवी अहिराणी बोलणारे नाना शिकवायला लागले की एकदम पुस्तकी होतात. "हे वरचं कडक, ते भूकवच. बघा किती पातळ! त्याच्या आत प्रावरण. आणि हा मधला गरम भाग म्हणजे गाभा. बाहेरचा गाभा द्रवरूप असतो," असं म्हणून त्यांनी त्या गाभ्यात तूप ओतून घेतलं, पुन्हा ओतून घेतलं, आणि वाढप्याला तिथेच थांबवून अंतर्गाभा समजावला. आमच्या बट्ट्या कोरड्याच राहिल्या.

असा हा माणूस. त्यात यंदा मे महिन्यात आमची बोअर आटली. टँकर येईल तेव्हा येईल, ड्रममध्ये उरेल तेवढ्यावर भागवायचं. नव्या बोअरसाठी गाडी मिळता मिळेना. शेवटी एका दुपारी ती दारात येऊन उभी राहिली. माझ्या बायकोने, सुनंदाने, नारळ फोडला, मशीन धडधडायला लागलं, आणि नाना दोन्ही हात वर करून गाडीसमोर आडवे आले.

"बंद करा! तासभर बंद करा!"

मशीन थांबलं. माझं डोकं फिरलं. "नाना, तीनशे फूट खणतोय! कवच तीस-चाळीस किलोमीटर जाड, तुम्हीच शिकवलंत ना? ओरखडासुद्धा उठणार नाही तुमच्या पृथ्वीला!"

"माहीत शे मले."

गाडीवाला वैतागून म्हणाला, "साब, शाम को दूसरा बोर है. चालू नहीं करना तो मैं चला." तो एकदा गेला की परत कधी उगवणार, देव जाणे. सुनंदा माझ्याकडे बघत होती.

"नाना, बाजूला व्हा. पाया पडतो तुमच्या."

नाना हलले नाहीत. त्यांनी चपला काढल्या आणि त्या भाजत्या मातीत अनवाणी उभे राहिले. "मन्हा पोऱ्यानं जहाज आते तासभर आपल्या बरोबर खाले शे, संजू. तठे आते मध्यरात शे. दिनभर राबस तो. झोपेल व्हई."

"आवाज जाणार आहे का तिथवर?"

"नही जावाव. येडा शे का मी?" नाना म्हणाले. त्यांचा आवाज मात्र मला ओळखू येईना.

मी गाडीवाल्याला म्हणालो, "भैया, पहले खाना खा लो." सुनंदा आत गेली, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा घेऊन आली. गाडीवरची माणसं निंबाच्या सावलीत जेवायला बसली. मग तिने आमच्या ड्रममधून तांब्या भरला आणि नानांच्या पायांवर ओतला.

"पानी वाया नको घालू सूनबाई!"

"गप उभे रहा नाना," ती म्हणाली, आणि तिने आणखी एक तांब्या ओतला.

जेवणं आटोपली, माणसं हात धुऊन उठली. नाना मोबाइलमध्ये योगेशने पाठवलेले आकडे आणि घड्याळ आळीपाळीने बघत होते. मग त्यांनी चष्मा काढून पुसला.

"आज तो आपल्यापासून सर्वांत लांब होता," ते वर्गात बोलतात तसं सावकाश बोलले. "याच्यापेक्षा लांब जायला पृथ्वीवर जागाच नाही. आता तो उजवीकडे वळू दे, डावीकडे वळू दे, आपल्या जवळच येणार."

त्यांनी चपला पायात सरकवल्या आणि गाडीवाल्याला हात केला.

"आते तो घरनी वाटले लागना. करा चालू."