एका दिवसाची कडक आई

मुरुम गावात कोणती आई कशी, हे ठरवण्याचं काम कडूबाईकडं होतं. तिला कुणी नेमलं नव्हतं आणि काढून टाकायची कुणाची छातीही नव्हती. ठाण्यात निजामाचा अमीन असेल, चावडीत पाटील असेल, पण आयांच्या बाबतीत कडूबाईचा शब्द शेवटचा. पोरांना बडवणारी ती छडीबाई. पोरांना दिवसभर रानात सोडून देणारी ती मोकळीबाई. आणि चन्नबसप्पांची बायको तुळजाबाई, ती कापूसबाई. एकदा कडूबाईनं नाव ठेवलं की ते पुसायची सोय नव्हती.

खरं सांगायचं तर तुळजाबाईनं ते नाव कमावलं होतं. शिवगंगेच्या आधीची तिची दोन लेकरं पाळण्यातच गेली. तिसरी शिवगंगा जगली, आणि तेव्हापासून तुळजाबाईनं धरलेला श्वास काही सोडला नाही. वारा सुटला की लेकीच्या कानात कापूस. ढग आले की डोक्यावर घोंगडं. लेक चुलीजवळ गेली की "जपून", उंबरा ओलांडला की "जपून", झोपेत कूस बदलली तरी "जपून". रानातल्या विहिरीकडं तर तिला फिरकूसुद्धा दिलं नाही.

पोरगी लहान होती तोवर लोक हसत होते. लग्नाची झाली तसं ते हसणं महागात पडायला लागलं. एक चांगलं स्थळ बोलणी अर्ध्यावर टाकून उठलं. कापसात वाढलेली पोरगी खळ्यावर काय कामाची, असं त्यांना बाजारात कुणीतरी सांगितलं होतं. चन्नबसप्पा दोन दिवस धड जेवले नाहीत. तुळजाबाई देवासमोर बसून रडली, कारण पोरीच्या पायात काटा मोडू नये म्हणून जन्मभर जपलं, आणि तिच्या वाटेतला मोठा काटा आपणच निघालो.

आता माकणीचं स्थळ आलं होतं. मुलगा रामलिंग, शांत, कामाचा, चांगली जमीन. त्याला आई नव्हती, आत्यानं वाढवलेलं. त्या आत्याचा, दगडाबाईचा, निरोप आला: "पोरगी मागनं बघू. आधी तिची आई बघते. येळवसला तुमच्या रानात जेवायलाच येते."

निरोप ऐकून तुळजाबाईनं हातातलं सूप खाली टाकलं. तशीच ती शरिफाबीकडं गेली. दोघींची रानं बांधाला बांध लागून, विहीर सामाईक, आणि शरिफाबी म्हणजे कडूबाईच्या दप्तरातली मोकळीबाई.

"एकच तर दिवस हाय," तुळजाबाई छाती पुढं काढून म्हणाली. "एक दिवस मी अशी कडक होते बघ, छडीबाईनं माझ्याकडं शिकायला यावं."

"तू?" शरिफाबी म्हणाली. "तुझ्या तोंडात जपून हाय तवर कायबी व्हणार न्हाय."

"मग काय करू?"

"तोंड भरून ठेव. जपून वर आलं की उंडा कोंब."

उपाय तुळजाबाईला पटला. येळवसला बाजरीच्या उकडलेल्या उंड्यांना काय तोटा. चन्नबसप्पांच्या पोटात काही राहत नाही म्हणून त्यांना सांगितलं नाही. शिवगंगा हसेल म्हणून तिलाही सांगितलं नाही. सगळा घोटाळा झाला तो इथंच.

येळवस म्हणजे रानात लक्ष्मी पुजायची मार्गशीर्षातली अवस; त्या दिवशी अख्खं मुरुम रानात होतं. हरभरा घाट्यावर आलेला, ज्वारी डोक्याच्या वर. चन्नबसप्पांनी कडब्याची कोप उभी केली होती, आत लक्ष्मी मांडली होती, बाहेर पालेभाज्या आणि दाणे एकत्र शिजवलेल्या भज्जीची पातेली आणि आंबिलाचा डेरा. येळवसला बांधावरून जाणाऱ्यालाही हाताला धरून जेवायला बसवायचं असतं, त्यामुळं कडूबाईला कुणी नको म्हणू शकत नव्हतं. ती सगळ्यांच्या आधी येऊन सावलीची जागा धरून बसली होती.

दगडाबाई गाडीतून उतरल्या. उंच, सडसडीत, हातात काठी. इकडं तिकडं न बघता त्या सरळ तुळजाबाईकडं बघत बसल्या. तुळजाबाईनं उंड्यांची टोपली हळूच जवळ ओढली. ठरवलं ते ठरवलं.

"शिवगंगे," ती ओरडली. "आंबिलाचा डेरा उचलून आण."

"मी?" शिवगंगेनं विचारलं. भरला तांब्या उचलला तरी जिचा हात आई धरायची, तिनं दुसरं काय विचारावं?

"न्हाय तर काय मी? हात मोडलेत का तुझे?"

चन्नबसप्पांचा घास तोंडापर्यंत येऊन थांबला. शिवगंगा आईकडं बघत उठली, डेरा उचलून डोक्यावर घेतला आणि चालायला लागली. डेरा हलला. तुळजाबाईच्या गळ्यात "जपून" उसळलं. तिनं पटकन उंडा तोंडात कोंबला.

"चपला काढ," ती उंड्याच्या कडेनं म्हणाली. "अनवाणी चाल." पोरीनं ढेकळात पाय टाकला आणि दुसरा उंडा आत गेला. मग मारक्या बैलापुढं वैरण टाकायला सांगितलं. बैलानं मान हलवली. तिसरा उंडा. आता तुळजाबाईचे गाल फुगले होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि गिळायला जागा उरली नव्हती.

"तुमचं माहेर कुठलं?" दगडाबाईंनी विचारलं.

"म्म," तुळजाबाई म्हणाली.

दगडाबाईंच्या कपाळाला आठी पडली. शरिफाबीनं लांबून खूण केली, पण ती बघायला तुळजाबाईच्या डोळ्यांत जागा नव्हती. कडूबाईनं मात्र हातातलं ताट खाली ठेवलं.

"चन्नबसप्पा," ती दबक्या आवाजात म्हणाली, "आज अवस हाय."

"मग?"

"मग काय? एवढ्या वर्सांत ही लेकीवर कधी वरडली का? नाव म्याच ठिवलंय, मला ठावं न्हाय व्हय? कापूसबाई अशी बोलत न्हाय. हिच्या अंगात दुसरंच कुणीतरी बोलतंय."

चन्नबसप्पांना सकाळपासून काहीतरी चुकतंय असं वाटतच होतं. आता ते काय ते कळलं. त्यांनी कमरेच्या पिशवीतून सोनारीच्या भैरवनाथाचा अंगारा काढला आणि बायकोच्या कपाळाला फासला. कडूबाईनं कोपीतलं लिंबू आणून तिच्यावरून उतरायला सुरुवात केली.

"कोण हाईस तू?" तिनं दरडावलं.

"म्म्म," तुळजाबाईनं दोन्ही हात हलवले.

"नाव सांगंना झालंय," कडूबाई सगळ्यांना म्हणाली. "लई जुनं दिसतंय."

शरिफाबी मोठ्या पेचात सापडली. खरं सांगावं तर दगडाबाईंसमोर नाटक उघडं पडणार, न सांगावं तर मैत्रिणीच्या डोळ्यांत अंगारा जातोय. शेवटी तिनं एक उंडा उचलून आपल्याच तोंडात घातला.

शिवगंगेला तर रडूच कोसळलं. "अव्वा, काय झालं गं तुला?" म्हणत तिनं घागर उचलली आणि आईच्या तोंडावर मारायला पाणी आणावं म्हणून ती धावत सुटली. विहिरीकडं.

तुळजाबाईनं ते बघितलं. तिचे हात चन्नबसप्पांनी धरलेले, तोंड बाजरीनं भरलेलं, समोर कडूबाईचं लिंबू. पोरगी पायऱ्या उतरून दिसेनाशी झाली. आणि मग विहिरीतून धबकन आवाज आला.

पुढचं सगळं इतकं भराभर झालं की मुरुमात त्यावर अजून वाद आहेत. उंडा एकीकडं गेला, लिंबू दुसरीकडं, चन्नबसप्पा भज्जीच्या पातेल्यावर बसले. "जपून, शिवगंगे, जपून!" अशी आरोळी ठोकत तुळजाबाई ढेकळं तुडवत पळाली आणि काठावर क्षणभरही न थांबता तिनं विहिरीत उडी घेतली. जन्मात कधी गुडघ्याच्या वर पाण्यात गेलेली नव्हती.

"अव्वा, घागर पडली गं," शिवगंगा खालच्या पायरीवरून सांगत होती. ते ऐकायला आई वर नव्हतीच. ती पाण्याखाली होती.

शिवगंगेनं पदर खोचला आणि सूर मारला. चांगला सरळ, पाणी न उडवता. खाली गेली, आईचा अंबाडा धरून वर आली आणि एका हातानं पाणी कापत तिला पायरीपर्यंत घेऊन आली. वरून बघणाऱ्या चन्नबसप्पांना आपण जागे आहोत की नाही तेच कळेना.

थोड्या वेळानं तुळजाबाई कोपीपुढं घोंगडं गुंडाळून कुडकुडत बसली होती. तिनं आधी लेकीला डोक्यापासून पायापर्यंत चाचपून बघितलं. मग विचारलं, "तुला पवता येतं?"

शिवगंगेनं शरिफाबीकडं बघितलं. शरिफाबीनं घास गिळला.

"लई दिवस झाले, तुळजा. माझ्या पोरींसंगं शिकवली. पाठीला सुका भोपळा, कमरंला दोर. तुला सांगितलं असतं तर तू शिकू दिली असतीस का?"

"आन दोर तुटला असता म्हंजे?"

"मला मोकळीबाई म्हणत्यात," शरिफाबी म्हणाली. "तो दोर हातात धरून काठावर बसल्यावर माझा जीव कसा व्हतो, ते एका अल्लालाच ठावं. दुसऱ्याची लेक होती ती."

तुळजाबाईला तिच्यावर चिडायचं होतं. तेवढं जमलं नाही. तिनं शरिफाबीचा हात ओढून आपल्या घोंगड्यात घेतला आणि दोघी पोटभर रडल्या. मग तिला दगडाबाई आठवल्या. गेलं हे स्थळ. आई एक तर लागीर झालेली, नाही तर खुळी, आणि दोन्ही त्यांच्या डोळ्यांदेखत.

दगडाबाई शांतपणे ताट पुसून खात होत्या.

"आल्यापास्नं उठावं म्हणत हुते," त्या म्हणाल्या. "असली कडक आई आमाला नको हुती. माकणीत एक हाय, म्या. तेवढी बास. रामलिंग माझ्या धाकात वाढला. त्याला जलमात कुणी जपून म्हणलं न्हाय. मुरुमात एक कापसावाणी मऊ बाई हाय म्हणून ऐकलं, म्हणून एवढ्या लांब गाडी जुपली. आन बघते तर ही आपली लेकीवर खेकसतीया."

दगडाबाईंनी रिकामं ताट बाजूला सारलं.

"उडी मारलीत तवा खात्री पटली, बाई तीच हाय. पोरगी पसंत. पर एक अट. आमच्या परसात लई खोल आड हाय. लेकीकडं यायच्या आधी पवायला शिका. दर खेपंला तुमाला काढणार कोण?"

अट म्हणजे अट. चैत्रात, लग्नाच्या आधी, तुळजाबाई पाठीला सुका भोपळा बांधून त्याच विहिरीत उतरली. शरिफाबी पायरीवर बसून हसत होती. दोराचं दुसरं टोक शिवगंगेच्या हातात होतं, आणि ती काठावर एक मिनिट गप्प उभी राहत नव्हती.

"अव्वा, जपून. पायरीला शेवाळ हाय, जपून. पाणी गार हाय का? कानात कापूस घातलास का? अव्वा, तिकडं खोल हाय, जपून."

कडूबाई बराच वेळ वरून बघत होती. मग ती हनुवटीला हात लावून म्हणाली, "पोरगी पार कापूसबाई निघाली की."

तुळजाबाईला यावर कडूबाईला चांगलं खडसावायचं होतं. पण तिचं तोंड पुन्हा भरलेलं होतं, या वेळी विहिरीच्या पाण्यानं.